एका कॅनमध्ये पाव डाळिंब

सोलापुरात विजापूर रस्त्यावरच्या एका बिअर शॉपीत मी आंबट बिअर मिळेल का, असे विचारले तेव्हा काउंटरमागच्या गृहस्थांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने सांगितले, "साहेब, आंबट निघाली तर आम्ही कंपनीला परत पाठवतो की ओ, विकत नाही." त्यांचे काही चुकले नव्हते. त्यांच्या फ्रिजमध्ये खालपासून वरपर्यंत स्ट्राँग लागरच्या, म्हणजे नेहमीच्या कडवट बिअरच्या, बाटल्या रचलेल्या होत्या, आणि लागर आंबट लागली तर ती नासली असेच समजायचे असते. ज्या जातीच्या जिवाणूमुळे ती नासते त्याच जातीच्या जिवाणूला मुद्दाम बोलावून, त्याच्याकडून काम करून घेऊन आणि काम होताच त्याला उकळत्या भांड्यात संपवून जी बिअर केली जाते तिला सावर म्हणतात, हे काउंटरवर उभे राहून समजावून सांगण्यासारखे नव्हते. मागे गिऱ्हाइके खोळंबली होती.

अखेर ती पुण्याहून आणावी लागली. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या कंपनीने मायक्रोब्रुअरी सुरू केली, त्यानंतर तेथे लहान प्रमाणावर बिअर करणारे वाढत गेले आणि आता त्यांतले काही जण कॅनमध्ये भरूनही विकतात. मी आणलेली बिअर अशाच एका लहान उत्पादकाची आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही, कारण पुढे दोषही सांगायचे आहेत, आणि अशी बिअर खेपेखेपेने होत असल्यामुळे मी प्यायलेल्या खेपेतला दोष पुढच्या खेपेत राहीलच असे नाही. कॅन ३३० मिलिलीटरचा, मद्यांश ४.५ टक्के, किंमत २४० रुपये. घटकांच्या यादीत बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), गहू, हॉप्स (कडवटपणा देणारी फुले), यीस्ट आणि डाळिंबाचा रस ८ टक्के, एवढ्याच गोष्टी होत्या. लॅक्टोज नव्हते, ही माझ्या दृष्टीने जमेची बाजू, कारण फळांच्या अनेक सावर बिअरमध्ये ही दुधातली साखर घालून आंबटपणावर पांघरूण घालतात आणि मग ते पेय बिअर कमी व मिल्कशेक जास्त लागते. कॅनच्या दर्शनी बाजूला फुटलेल्या डाळिंबाचे भले मोठे चित्र होते. खरे सांगायचे तर त्या चित्रामुळेच मी चार कॅन घेतले. ज्या जिल्ह्याच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि ज्या शहराला लागून केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र उभे आहे, तेथल्या माणसाला हे चित्र दाखवून पुढे जाऊ देणे अवघडच.

चव सांगण्याआधी ही बिअर कशी होते ते थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिचे गुण आणि दोष दोन्ही त्या कृतीतून येतात. माल्ट आणि गहू गरम पाण्यात भिजवून त्यातून जो गोडसर अर्क निघतो त्याला वर्ट म्हणतात. नेहमीच्या बिअरमध्ये हा वर्ट लगेच हॉप्स घालून उकळतात आणि गार करून त्यात यीस्ट सोडतात. सावरमध्ये मध्येच एक मुक्काम वाढतो. वर्ट पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या दरम्यान ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस हे जिवाणू सोडतात आणि एक-दोन दिवस झाकून ठेवतात. म्हणजे सायंकाळी कोमट दुधात विरजण लावून पातेले झाकून ठेवण्याचाच हा प्रकार, फक्त दुधाच्या जागी धान्याचा अर्क आणि पातेल्याच्या जागी स्टीलची टाकी. दह्याला आंबट करणारे लॅक्टिक आम्लच येथेही तयार होते. वर्टचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचा आकडा; तो जेवढा कमी तेवढे आम्ल जास्त) सुरुवातीला पाचच्या थोडा वर असतो, तो साडेतीनच्या खाली उतरला की वर्ट उकळतात, जिवाणू मरतात, आम्ल मागे राहते, आणि मग यीस्टचे काम सुरू होते. साध्या लागरचा सामू सव्वाचार ते साडेचारच्या आसपास असतो. आकड्यांतला हा फरक किरकोळ दिसतो; पण सामूच्या मोजपट्टीवर एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेत दहापट फरक, हे लक्षात घेतले की पहिल्या घोटाला माणूस का दचकतो ते कळते. हॉप्समधली कडू द्रव्ये या जिवाणूंना चालत नाहीत म्हणून सावरमध्ये हॉप्स अगदी नावापुरते असतात, आणि त्यामुळे बिअर म्हटल्यावर जो कडवटपणा आपण गृहीत धरतो तो येथे नसतो. जाता जाता सांगतो, या जिवाणूला टाकीत जे तापमान राखण्यासाठी उत्पादकाला वीज जाळावी लागते ते सोलापुरात एप्रिल-मेमध्ये दुपारी कोणाच्याही अंगणात फुकट मिळते.

चाखण्याचा बेत एप्रिलच्या अखेरीस, जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर केला. दिवसा पारा एकेचाळीसवर गेला होता. संध्याकाळी बादल्यांनी पाणी मारूनही फरशी पायाला चटका देत होती. बसायला चौघे होतो. मी, माझी पत्नी, सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग असलेले माझे दाजी, आणि शेजारचे काका, जे इथल्या एका जुन्या कापड गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते आणि आता निवृत्त आहेत. बिअरसाठी महाराष्ट्रात किमान वय २१ वर्षे आहे आणि आमच्यातला सर्वांत तरुण सदस्य त्याच्या दुप्पट वयाचा होता, तेव्हा तो प्रश्न नव्हता. कॅन फ्रिजमधून काढून दहा मिनिटे बाहेर ठेवले होते. फार गार बिअरचा वास येत नाही आणि फळ घातलेल्या बिअरमध्ये वास हीच अर्धी चव असते. घरात वाइनचे ग्लास नाहीत. पाण्याचे पातळ काचेचे ग्लास घेतले आणि ते निम्मेच भरले, म्हणजे वास साठायला वर जागा राहिली.

रंगाबद्दल तक्रार नाही. डाळिंबाच्या भगवा या जातीचे दाणे मुठीत दाबल्यावर बोटांवर जो रंग उतरतो, त्याहून एक छटा फिकी, मावळतीच्या उजेडात गुलाबीकडे झुकणारी आणि किंचित धूसर. धूसरपणा गव्हाचा आणि फळाचा. तो दोष नाही. डाळिंबाचा लाल रंग आम्लात चांगला टिकतो, त्यामुळे या फळाला सावरमध्ये रंगाची काळजी करावी लागत नाही. फेस मात्र टिकला नाही. ओतताना दोन बोटे जाड फिकट गुलाबी फेस आला, सोड्याच्या बाटलीसारखा चरचर आवाज करत तो मिनिटभरात बसला आणि ग्लासच्या कडेला पुसट वलयही उरले नाही. सावर बिअरमध्ये हे बऱ्याचदा होते, कारण फेस धरून ठेवणारी धान्यातली प्रथिने आंबवताना तुटतात. काळजीपूर्वक काम करणारे उत्पादक जिवाणू सोडण्यापूर्वीच वर्टमध्ये थोडे आम्ल घालून ही हानी कमी करतात. गव्हाचा वापर केलेल्या बिअरचा फेस एवढ्या लवकर बसायला नको होता, एवढे म्हणून पुढे जातो.

वास स्वच्छ होता आणि ही लहान गोष्ट नाही. वर्ट आंबत असताना त्यात नको ते जिवाणू शिरले तर बिअरला खवट लोण्याचा, ओकारीचा किंवा घामट मोज्यांचा वास येतो आणि तो पुढे काही केल्या जात नाही. येथे त्यातले काही नव्हते. नाकाशी धरल्यावर आधी ताज्या ताकाचा गोडसर आंबूस वास, मागे ओल्या कणकेचा, आणि त्याच्याही मागे लिंबाच्या सालीसारखे काहीतरी. डाळिंबाचा वास मी शोधत राहिलो. पत्नीने ग्लास हुंगून पाहिला आणि विचारले, "ह्यात डाळिंब आहे हे न सांगता दिलं असतं तर ओळखलं असतंत का?" मी नाही म्हणालो.

पहिल्या घोटाला दात आंबले. कच्ची कैरी मिठाशिवाय चावली की जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांत जी कळ येते ती आली, तोंडाला पाणी सुटले, आणि बुडबुड्यांनी जीभ चरचरली. दुसऱ्या घोटाला जीभ सावध असते. तेव्हा लक्षात आले की हा आंबटपणा टोकदार असला तरी एकसुरी नाही. समोर धारदार, मधे थोडा मऊ, गव्हामुळे अंगाला किंचित भरीव, आणि घशाखाली उतरताना कोरडा. गोडपणा जवळजवळ शून्य. चिंचेचे सार, आमसुलाची कढी, ज्वारीची आंबील, मातीच्या परळातले आदल्या दिवशीचे ताक या सगळ्यांवर वाढलेल्या जिभेला आंबट म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. बिअर म्हणून जे कडू अपेक्षित असते ते मनातून काढले की ही चव पाच मिनिटांत घरची वाटते. माझ्या पाहण्यात लागर पिणाऱ्यांना ती रुचायला वेळ लागतो आणि अजिबात बिअर न पिणाऱ्यांना लवकर रुचते. आमच्या गच्चीवरही तसेच झाले. पत्नी, जी एरवी बिअरचा वासही सहन करत नाही, तिने अर्धा ग्लास सावकाश संपवला.

काकांचा अभिप्राय मला सर्वांत मार्मिक वाटला. त्यांनी घोट तोंडात घोळवला आणि म्हणाले, "ही तर दुपारनंतरची शिंदी हो." शिंदीच्या झाडाचा रस सकाळी गोड असतो, ऊन चढते तसा हवेतल्या आणि मडक्यातल्या यीस्टने चढतो आणि जिवाणूंनी आंबतो; कोणी त्यात विरजण घालत नाही. बेल्जियममध्ये ब्रसेल्सच्या आसपास लॅम्बिक नावाची बिअर नेमकी याच तत्त्वावर करतात. वर्ट उघड्या पसरट टाकीत रात्रभर निवू देतात, मग लाकडी पिंपांत भरतात, आणि जे जे जीव आपणहून येतील ते त्याला महिनोन्महिने आंबवतात. त्यात आंबट चेरी घातली की तिला क्रीक म्हणतात. म्हणजे आमच्या कॅनमधली बिअर दह्याची नातलग आणि लॅम्बिक शिंदीची. १९३० च्या मे महिन्यात रूपाभवानी मंदिराच्या परिसरातली शिंदीची झाडे सत्याग्रहींनी तोडली आणि प्रकरण गोळीबार व मार्शल लॉपर्यंत गेले, त्यामुळे सोलापुरात शिंदी हा शब्द नुसत्या पेयाचा राहिलेला नाही. परंतु काकांचे बोलणे त्या संध्याकाळी निव्वळ जिभेचे होते, आणि ते अचूक होते.

आता मुख्य तक्रार. दाजी तिसऱ्या घोटानंतर थांबले, कॅन उचलून चित्र पाहिले आणि म्हणाले, "पाव्हणं, ह्यात डाळिंब कुठंय?" मी त्यांना मागच्या बाजूचा ८ टक्के हा आकडा दाखवला. बागायतदार माणूस टक्केवारीवर थांबत नाही. त्यांनी तिथेच हिशेब मांडला. ३३० मिलिलीटरचे ८ टक्के म्हणजे सव्वीस मिलिलीटर रस. अडीचशे ग्रॅमच्या भगव्या फळातून नीट काढला तर साधारण शंभर मिलिलीटर रस निघतो. म्हणजे एका कॅनमध्ये पाव डाळिंब. "पाव फळासाठी एवढं मोठं चित्र काढलंय?" असे म्हणून त्यांनी ग्लास खाली ठेवला. हस्त बहराचा माल नुकताच उतरवून आलेला माणूस तो. तेल्या रोगाशी झुंजून हाती आलेल्या फळाचा असा पाव वाटा पाहून त्यांना वाईट वाटले असेल तर मी समजू शकतो.

तथापि दोष केवळ प्रमाणाचा नाही. डाळिंब हे बिअरसाठी मुळातच अवघड फळ आहे, आणि हे त्याच्याविषयीचे प्रेम बाजूला ठेवून मान्य केले पाहिजे. फळाची जी चव आपण ओळखतो ती साखर, आम्ल, तुरटपणा आणि वास यांची मिळून होते. बिअरमध्ये रस घातला की त्यातली ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ही साखर यीस्ट खाऊन टाकते, तिचे अल्कोहोल आणि वायू होतो, म्हणजे गोडी गेली. आम्ल बिअरमध्ये आधीच भरपूर आहे, तेव्हा फळाचे आम्ल वेगळे उठून दिसत नाही. त्यातही भगवा ही गोड, कमी आम्लाची जात. उरला वास. रास्पबेरीचा किंवा हापूसचा वास एवढा बलवान असतो की साखर निघून गेली तरी नाक त्या फळाचे नाव घेते. डाळिंबाला तसा वास नाही. फळ फोडले तरी शेजारच्या खोलीत कळत नाही. त्यामुळे साखर गेल्यावर डाळिंबातून हाती राहतो तो रंग आणि तुरटपणा. सावर बिअरमध्ये डाळिंब ओळखू यायचे असेल तर रस बराच अधिक हवा, किंवा तो आटवून घालायला हवा, किंवा किण्वन पूर्ण झाल्यावर घालून बिअर थंड ठेवायला हवी, म्हणजे यीस्टच्या तावडीत तो कमी सापडतो. या तिन्हींना खर्च आहे. पाव डाळिंबात हे होणार नव्हते.

जो तुरटपणा राहिला त्यातही मला एक खोट सापडली. घोट गिळल्यानंतर पाच-सहा सेकंदांनी जिभेच्या मुळाशी एक कडवट, टाळूला आवळून धरणारी चव येत होती. ती हॉप्सची नव्हती. डाळिंबाच्या दाण्यांमधला पांढरा पिवळसर पापुद्रा चुकून दाताखाली आला की जी कडू चव पसरते, ती ही होती. दाणे सोलण्याचा कंटाळा करून पापुद्र्यासकट मिक्सरमध्ये घालणाऱ्या रसवंतीत हीच चव मिळते, आणि मिक्सर जास्त वेळ फिरवला की बिया फुटून तिच्यात भर पडते. आमच्या घरात आई दाणे काढताना पाण्याच्या परातीत फळ बुडवून सोलायची. दाणे तळाशी जात, पापुद्रे वर तरंगत, ते हाताने बाजूला केले की एकही दाणा कडू लागत नसे. या बिअरसाठी वापरलेला रस सालीसकट दाबून काढलेला असावा असा माझा कयास आहे. गोड रसात हा कडवटपणा झाकला जातो, साखर निघून गेलेल्या बिअरमध्ये तो उघडा पडतो. दाजींना मी विचारले, त्यांनी पुन्हा एक घोट घेतला आणि मान हलवली. त्यांच्याही मते साल लागली होती.

खाण्याच्या जोडीला मात्र ही बिअर अनपेक्षितपणे चांगली ठरली. शेंगा चटणी आणि कडक भाकरी हे आमच्याकडे कोणत्याही बैठकीला असतेच. उखळात कुटलेल्या चटणीचे तेल सुटलेले असते, ते जिभेवर थर धरते आणि तिखट त्या थराखाली दबून राहते. आंबट बिअरच्या घोटाने तो थर धुतला जातो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. लागरमधला कडवटपणा मिरचीला चढवतो, तसे येथे होत नाही. भाकरीचा तुकडा कडकन मोडायचा, चटणी लावायची, वर एक लहान घोट. हा क्रम एकदा जमल्यावर कॅन केव्हा संपला ते कळले नाही. त्याउलट पत्नीने हौसेने आणलेल्या शेंगा पोळीबरोबर ती अगदी बिघडली. गुळाच्या गोडीनंतर बिअर निव्वळ लिंबू पिळल्यासारखी लागली आणि तो कडू शेपटा अधिकच जाणवला. धपाट्याबरोबर दही होते, त्याचाही उपयोग नाही. आंबटावर आंबट चढते आणि दोन्ही फिके पडतात. जर्मनीतली गोझे नावाची आंबट बिअर मीठ आणि धणे घालून करतात हे आठवून मी एका ग्लासात चिमूटभर काळे मीठ टाकून पाहिले. बिअर उसळून ग्लासाबाहेर आली, चादरीवर डाग पडला, आणि जे उरले ते मसाला सोड्यासारखे लागले. काकांना ते आवडले. मला नाही.

चौथ्या कॅनची हकिगत वेगळी आहे आणि तिच्यात निम्मा दोष माझा आहे. पुण्यात दुकानदाराने चारही कॅन फ्रिजमधून काढून वर्तमानपत्रात गुंडाळले आणि काळ्या पिशवीत घालून दिले. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासासाठी मी बर्फाचा डबा नेला होता, त्यात तीन कॅन मावले. चौथा डिकीत एका कोपऱ्यात ठेवला आणि घरी आल्यावर विसरलो. तीन दिवसांनी डिकी उघडली तेव्हा कॅनची दोन्ही टोके फुगून आली होती. सोलापूरच्या उन्हात बंद डिकी म्हणजे भट्टीच. उष्णतेने वायूचा दाब वाढतोच. शिवाय अशा बिअरमध्ये फळाची थोडी साखर आणि जिवंत यीस्ट शिल्लक राहिले असेल तर ऊब मिळताच किण्वन पुन्हा सुरू होते आणि वायू जायला जागा नसते. असा कॅन हातात फुटू शकतो. मी तो ओल्या टॉवेलात गुंडाळून मोरीत नेला, बादलीत धरून हळूच उघडला, तरी निम्म्याहून अधिक बिअर कारंज्यासारखी उडाली. राहिलेली ग्लासात घेतली तर गुलाबी रंग विटकरी झाला होता आणि वास शिळ्या जॅमचा येत होता. चाखण्याइतकीच चाखली. नंतर कॅन फिरवून पाहिला तेव्हा तळाजवळ, उत्पादनाच्या तारखेशेजारी, चष्मा लावूनही कष्टाने वाचता येईल अशा अक्षरांत '२ ते ८ अंश सेल्सिअसवर ठेवावे' असे छापलेले आढळले. मद्यपानाच्या वैधानिक इशाऱ्याला पुरेशी जागा मिळाली होती, डाळिंबाला तर निम्मा कॅन मिळाला होता. ज्या एका सूचनेवर आतली वस्तू नीट राहणे किंवा फुटणे अवलंबून आहे ती सूचना मात्र तळाशी. महाराष्ट्रात विकायच्या वस्तूवर ती मराठीतही असती तर दुकानदारालाही उपयोगी पडली असती.

तिसरा चांगला कॅन आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडला आणि त्यातले निम्मे वीस मिनिटे बाहेर राहू दिले. ऊब लागल्यावर आंबटपणाची धार उतरली, गव्हाची कणकेसारखी चव पुढे आली, पण कडवट शेपूट लांबले. ही बिअर फ्रिजमधून काढल्यापासून पंधरा मिनिटांत संपवावी, आणि एका वेळी एका कॅनपुढे जाऊ नये, असे माझे मत झाले. मद्यांश कमी असला तरी एवढे आम्ल रिकाम्या पोटी सोसवत नाही. मला रात्री जळजळ झाली.

त्याच कॅनच्या दुसऱ्या निम्म्यावर दाजींनी प्रयोग केला. बर्लिनची जी पारंपरिक आंबट गव्हाची बिअर आहे, बर्लिनर वाइसे, ती तेथे रास्पबेरीचे लाल किंवा वूडरफ या सुगंधी वनस्पतीचे हिरवे सरबत घालून पितात, हे मी त्यांना सांगितले होते. ते उठले, स्वयंपाकघरातून बागेतले एक फळ आणले, देठाकडचा भाग टोपीसारखा कापला, पाकळ्या मोकळ्या केल्या, परातीत पाणी घेऊन दाणे वेगळे केले आणि स्वच्छ फडक्यात बांधून हाताने पिळले. मिक्सर नाही. बिया न फुटता जो रस निघाला त्याचे तीन मोठे चमचे त्यांनी ग्लासात घातले. रंग एकदम गडद माणकासारखा झाला. चव घेतली तर आंबटाच्या मागे गोडी आली होती, ती गोडी संपता संपता डाळिंबाचा तो पातळ, थोडा लाकडी स्वाद पहिल्यांदाच जाणवला, आणि कडवटपणा त्याच्या आड गेला. कॅनवर जे चित्र छापले होते त्याची चव आता ग्लासात होती. उत्पादकाने घातलेला रस आणि दाजींनी वर घातलेला रस मिळून तेवढ्या बिअरला अर्धे फळ लागले होते, असा हिशेब त्यांनी पुन्हा सांगितला.

२४० रुपयांना ही बिअर घ्यावी का? सावर म्हणजे काय हे ज्याला पाहायचे आहे त्याने जरूर घ्यावी. तिचे आंबवणे निर्दोष आहे, वास स्वच्छ आहे, आणि शेंगा चटणीबरोबर तिच्या तोडीची दुसरी बिअर मी प्यायलो नाही. डाळिंबासाठी घेणार असाल तर त्या पैशात बाजारात किलोभर चांगला भगवा मिळतो का ते आधी पाहावे. पुढच्या महिन्यात मला पुण्याला जायचे आहे. दुकानदाराकडे जांभळाची खेप येणार असल्याचे कळले आहे. जांभळाला स्वतःचा तुरटपणा आणि वास दोन्ही आहेत, त्यामुळे ती मला अधिक जमलेली असेल असे वाटते. मी दोनच कॅन आणणार आहे, कारण बर्फाच्या डब्यात तीनच मावतात आणि एक जागा दाजींनी पनीरसाठी राखून ठेवली आहे.